वामनाचे तिसरे पाऊल

गेल्या आषाढात लोणावळ्यास पावसाची झड लागली असता नातीने डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी माझ्या हाती दिली. वर्गात चोरून कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलांची पुस्तके मी जन्मभर काढून घेतली. पण भूगर्भात सापडलेली ती पेटी, तीतील लुप्त संस्कृतीची विद्या आणि तीवरून घडविलेला यंत्रमानव यांनी मध्यरात्र उलटेतो मला जागविले. पात्रे मात्र कोरडी वाटली. शिवाय साक्षात् विष्णूच्या अवताराचे नाव अशा घातक यंत्रास द्यावे, हे मनास खुपले. (बळीस विचारले असते तर त्याला ते समर्पक वाटले असते, हेही खरेच!)

सकाळी नात म्हणाली, “आजोबा, आपणही असेच नाहीसे झालो, तर आपली पेटी कोण उघडील?”

पाऊस उघडताच तुला भाज्याची लेणी दाखवीन, असे सांगून मी वेळ मारून नेली.