उंच केलेल्या रँग्लरचा मागचा शाफ्ट

जीप रँग्लरच्या टीजे पिढीत, म्हणजे १९९७ ते २००६ या काळातल्या गाड्यांत, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट जेमतेम दीड फुटाचा असतो. व्हीलबेसच २३७३ मिलिमीटरचा. त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकामागोमाग एक बसवल्यावर मागे एवढीच जागा उरते. खडकांवर चढण्यासाठी मोठे टायर लावायचे, टायरना जागा हवी म्हणून उंच स्प्रिंगा घालून गाडी वर घ्यायची, हा अमेरिकेतल्या जीपवाल्यांचा नेहमीचा क्रम. गाडी वर गेली की ट्रान्सफर केसही वर जाते; अ‍ॅक्सल मात्र चाकांबरोबर खालीच राहतो. मधला शाफ्ट तिरपा होतो आणि तो आखूड असल्यामुळे फारच तिरपा होतो. चार इंच उंची वाढवली, तर या शाफ्टचा उतार निदान बारा अंशांनी वाढतो. त्याच गाडीच्या ‘अनलिमिटेड’ या लांब आवृत्तीचा व्हीलबेस दहा इंचांनी जास्त आहे. तिथे तेवढ्याच उंचीला आठेक अंश वाढतात. त्यामुळे किती इंच उचलल्यावर थरथरीचा त्रास सुरू होईल, या प्रश्नाला सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही.

त्रासाचे मूळ सांध्यात आहे. दोन योक आणि त्यांना जोडणारा चार टोकांचा क्रॉस, असा हा युनिव्हर्सल जॉइंट. त्याला इटलीतल्या कार्दानोचे नाव चिकटले आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने सतराव्या शतकात त्याचे काम तपासून मांडले आणि अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मोटारीत आणला. त्याचा दोष हुकच्या काळापासून माहीत आहे. आत येणारी गती एकसारखी असली, तरी बाहेर पडणारी गती दर फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. कोन दहा अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना दीड टक्क्याच्या आसपास राहतो. वीस अंशांना सहा टक्क्यांवर जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की चढउतार जवळपास चौपट.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना असे सांधे असतात. दोन्हींचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असतील, तर पहिल्याने घातलेला गोंधळ दुसरा निस्तरतो आणि अ‍ॅक्सलच्या तोंडाशी असलेल्या पिनियनला एकसारखी गती मिळते. मूळ गाडीत ट्रान्सफर केसची बाहेरची दांडी आणि पिनियन जवळजवळ समांतर ठेवलेले असतात ते यासाठीच. मात्र गोंधळ पिनियनपाशी निस्तरला, तरी मधला शाफ्ट स्वतः दर फेऱ्यात पुढे-मागे हिसके खातच असतो. कोन लहान असेतो ते जाणवत नाही. कोन मोठा झाला की त्या शाफ्टचे वजनच गाडी हलवू लागते. ३१ इंची टायर आणि ३.७३ गुणोत्तराचा अ‍ॅक्सल असलेली गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर शाफ्ट मिनिटाला सुमारे २५०० फेरे घेतो. दर फेऱ्याला दोन हिसके धरले, तर सेकंदाला ऐंशीहून अधिक. चालवणाऱ्याला ही थरथर स्टिअरिंगपेक्षा बुडाखाली आणि गिअरच्या दांड्यावर आधी कळते. टायरचे बॅलन्सिंग पुन:पुन्हा करूनही ती जात नाही, याचे कारण हेच.

टीजेमध्ये दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. सस्पेन्शन वर-खाली होताना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी लागते. या गाडीच्या एनपी२३१ ट्रान्सफर केसमध्ये ती सोय केसच्या शेपटीतच आहे: बाहेरच्या दांडीवर स्प्लाइन, म्हणजे लांबट दाते, कापलेले आणि शाफ्टच्या टोकाचा योक त्यांवर मागेपुढे सरकतो. याला स्लिप योक म्हणतात. कारखान्याच्या दृष्टीने ही रचना सुटसुटीत आहे. भाग कमी लागतात आणि सरकणाऱ्या भागाला केसमधलेच तेल मिळते. पण गाडी उचलली की योक मुळातच थोडा बाहेर ओढलेला राहतो. स्प्लाइनची पकड कमी होते, शेपटीतला बुश एका बाजूने झिजतो, सील गळू लागते. शिवाय वाटेत शाफ्ट तुटला आणि तो काढावा लागला, तर उघड्या तोंडातून ट्रान्सफर केसचे तेल वाहून जाते. केसमधले सारे तेल सुमारे एक लिटर. ते गेल्यावर पुढच्या चाकांवर घरी येण्याचीही सोय उरत नाही.

गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपमध्ये, आणि महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जुळवायला घेतलेल्या जीपमध्येही, केसवरचा योक पक्का असे आणि सरकणारा जोड शाफ्टच्या अंगातच असे. उंच केलेल्या रँग्लरवर जो बदल करतात, तो या जुन्या मांडणीकडे परत जाण्याचाच आहे.

त्याआधी स्वस्त तोड करून पाहिली जाते. केस ज्या आडव्या प्लेटवर टेकलेली असते, तिच्या आणि चासीच्या मध्ये इंचभर जाडीचे तुकडे घालून केस खाली आणायची. कोन तीनेक अंशांनी उतरतो आणि थरथर बऱ्याचदा थांबते. पण गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग आणखी एक इंच खाली येतो. म्हणजे उंची वाढवण्यासाठी मोजलेल्या पैशातला काही भाग परत करण्यासारखेच झाले. इंजिन मागे झुकते, त्यामुळे पंखा त्याच्या आवरणाला घासतो की काय हेही पाहावे लागते. दोन-अडीच इंचांच्या उंचीला हा उपाय चालून जातो. त्यापुढे तो वेळ मारून नेणारा आहे.

खरा उपाय स्लिप योक काढून टाकण्याचा. चांगल्या संचात नवी, आखूड मुख्य दांडी, नवी शेपटी आणि पक्का योक येतो. त्यासाठी केस दुभंगावी लागते: तेल काढून, शेपटी आणि मागचे अर्धे कवच उतरवून, साखळी व काटे बाजूला करून जुनी दांडी बाहेर घ्यायची. काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. कवच पुन्हा मिटवताना तेलपंपाची नळी आपल्या जागेवरून सुटणार नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. पंपाला तेल मिळाले नाही, तर नवी दांडी फार दिवस टिकत नाही. याहून स्वस्त असा एक प्रकार आहे, त्यात जुनीच दांडी गाडीवर असताना करवतीने कापतात, तिच्या टोकाला भोक पाडून आटे घेतात आणि बोल्टने फ्लँज बसवतात. भोक मध्यावर आले तर ठीक. ते केसभर जरी सरकले, तरी फ्लँज डगमगते आणि एक थरथर घालवताना दुसरी पदरात पडते. हाताशी चांगला फिटर नसेल, तर या प्रकाराच्या वाटेला न गेलेले बरे.

शेपटी आखूड झाली की शाफ्टला काही इंच जास्त लांबी मिळते आणि तेवढ्यानेही कोन उतरतो. नव्या शाफ्टच्या वरच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट असतो: दोन क्रॉस पाठीला पाठ लावून आणि मध्ये त्यांना नेमके निम्मे-निम्मे वळायला लावणारा गोळा. कोन दोघांत वाटला जातो आणि वेगाचा चढउतार तिथल्या तिथे जवळजवळ मिटतो. टीजेच्या पुढच्या शाफ्टला असा जोड कारखान्यातूनच येतो. शाफ्टचे माप मात्र गाडी चारही चाकांवर, नेहमीच्या वजनानिशी उभी असताना घ्यावे. जॅकवर अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेल्या मापाचा शाफ्ट लांब निघतो आणि चाक वर दाबले गेले की केसवर आदळतो.

इथपर्यंत येऊन थांबणाऱ्यांची गाडी बरेचदा पहिल्यापेक्षा जास्त हलते. वरचा गोंधळ वरच मिटला. आता खालच्या सांध्याला कोन असेल, तर त्याचा गोंधळ निस्तरणारा कोणी नाही. म्हणून पिनियन आता वरच्या दांडीला समांतर न ठेवता थेट शाफ्टच्या रोखाने वळवावा लागतो. टीजेच्या मागच्या अ‍ॅक्सलला स्प्रिंगांबरोबर चार आडवे आर्म असतात; त्यातले वरचे दोन कमीजास्त करता येणारे घेऊन थोडे लांबवले की पिनियनचे नाक वर येते. पाट्यांवर बसलेल्या अ‍ॅक्सलसाठी पाट्यांखाली पाचरी घालतात. पिनियन शाफ्टच्या रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवण्याची रीत आहे, कारण जोर लागला की तो आपोआप उचलला जातो आणि रेषेत येतो. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुयांनाही थोडा कोन हवाच; अगदी शून्य कोनात त्या फिरत नाहीत, एकाच जागी खळगे पाडतात. पिनियन फार वर केला, तर त्याच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही. तेव्हा कोन अंदाजाने ठरवू नये. कोनमापक लावून, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना तो वाचावा. योक, शाफ्ट आणि पिनियन ही तीन कामे वेगवेगळी दिसली, तरी खर्चाचा अंदाज तिघांचा मिळून धरावा.

जोडणी झाल्यावर अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळू द्यावा आणि शाफ्ट हाताने एक फेरा फिरवून पाहावा. कुठे योकचे कान एकमेकांना टेकत असतील, तर खाली जाण्याची मर्यादा पट्ट्याने किंवा शॉकच्या लांबीने बांधावी लागते. तरीही थरथर राहिलीच, तर मागचा शाफ्ट काढून फोर व्हील ड्राइव्हमध्ये, मोकळ्या कच्च्या रस्त्यावर गाडी थोडी चालवावी; केसचे तोंड आता बंद असल्यामुळे हे करता येते. थरथर तशीच राहिली, तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये किंवा चाकांत शोधावा.

देखभालीत विसरली जाते ती डबल कार्डनच्या पोटातल्या गोळ्याची ग्रीस. त्याचे तोंड दोन योकच्या फटीत असते आणि नेहमीच्या ग्रीसगनची नळी तिथे पोहोचत नाही. सुईसारखे टोक लावावे लागते. कमी वेगात चिमणीसारखा चिवचिवाट ऐकू आला, की गोळा कोरडा पडला आहे असे समजावे. टीजेच्याच ‘रुबिकॉन’ आवृत्तीत मात्र २००३ पासून एनव्ही२४१ जातीच्या ट्रान्सफर केसला कारखान्यातूनच पक्की फ्लँज मिळाली. त्या गाडीत केस उघडावी लागत नाही. शाफ्ट आणि पिनियन यांचेच काम उरते.