दुसरी तपासणी

मॉरिशसमधील हेन्रिएटा गावाजवळ तामारँ धबधब्यांची दरी आहे. ‘सेत कास्काद’, म्हणजे सात धबधबे, हे तिचे दुसरे नाव. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी तेथे दोराने उतरण्याचा मोह मला का झाला, हे सौभाग्यवतींना अद्याप उमगलेले नाही.

आरंभी हमीपत्र आले. सवयीने मी प्रत्येक कलम वाचले. मार्गदर्शकाने माझे हेल्मेट, हार्नेस, कडी तपासली. मग त्याच्या सहकाऱ्याने तेच सारे पुन्हा, पहिल्याने काही पाहिलेच नसावे अशा रीतीने तपासले आणि तो आधी खाली उतरला. सरकारी नस्तीवरील दुसरी स्वाक्षरी बहुधा पहिलीवर विसंबून होते. मीही तशा केल्या आहेत. त्यांपैकी एक अजून झोप मोडते.

कड्यावरून पाठमोरे, पाय फाकवून मागे झुकायचे असते. भीतीने माणूस खडकाला बिलगतो आणि नेमका तेव्हाच पाय सटकतो. माझा सटकला, हातातला दोरही सुटला. खालच्या तरुणाने दोराचे टोक ताणताच धातूच्या आकड्यातील घर्षण वाढले आणि मी अधांतरी थांबलो. त्याची नजर माझ्यावरून हललीच नव्हती.

पुढचे दोन कडे उतरलो. प्रत्येक वेळी कडी स्वतःही तपासली.