डिशवॉशर बिघडलाय की पाणीच जड आहे?

डिशवॉशर घरात आला की महिन्याभरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘यापेक्षा हातानं घासली असती तर एव्हाना झाली असती!’ कुणाच्या ग्लासवर पांढुरकी झाक येते, कुणाच्या वाटीत डाळ तशीच चिकटून राहते, तर कुणाच्या मशीनमध्ये खाली पाणी साठून राहतं. मग हळूहळू त्या महागड्या मशीनवर टॉवेल वाळत पडतात आणि सिंकपाशी घरातली तीच बाई पुन्हा उभी राहते.

आमच्या बंगळुरूच्या घरात तर ही वेळ येऊन चालणारच नव्हतं. आईच्या उजव्या मनगटात कार्पल टनेलचा त्रास आहे. मनगटातली नस दाबली जाते आणि रात्री बोटांना मुंग्या येऊन ती जागी होते. डॉक्टरांनी कुकर घासणं, परात उचलणं, घासणी दाबून धरणं, सगळं बंद करायला सांगितलं. म्हणून दादानं आणि मी मिळून डिशवॉशर घेतला. पण भांडी स्वच्छ निघत नाहीत असं दिसल्यावर आई ती आधी हातानं विसळून मशीनमध्ये लावायची आणि बाहेर काढल्यावर पुन्हा घासायची. म्हणजे मशीन आलं, विजेचं बिल वाढलं आणि मनगटाचं काम होतं त्याहून जास्त झालं. बाबा म्हणाले, ‘विकून टाकू.’

माझं शिक्षण बीए इंग्रजी, त्यामुळे यंत्राशी माझा संबंध बटण दाबण्यापुरताच. पण वाचणं आणि सोपं करून लिहिणं हे रोजचं काम. एका रविवारी मी मशीनची माहितीपुस्तिका घेऊन बसले आणि पुढचे काही आठवडे एकेक गोष्ट तपासत गेले. मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

पांढरी झाक: आधी पाणी तपासा

आमच्या सोसायटीत कधी कावेरीचं पाणी येतं, कधी बोअरवेलचं, तर उन्हाळ्यात टँकरचं. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी सुकतं आणि क्षार काचेवर राहतात, तीच ही झाक. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा ठीक मानला आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही ग्लासवर डाग पाडू शकतं.

जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या ऑनलाइन मिळतात, मासे पाळण्याचं सामान विकणाऱ्या दुकानातही मिळतात. टीडीएस मीटरवर भिस्त ठेवू नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, नुसता जडपणा नाही. आमची पट्टी ४०० च्या आसपास थांबली. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत हा आकडा जर्मन अंशांत दिलेला असतो. मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ नं भागलं की साधारण तेवढे अंश होतात, म्हणजे आमचे २२. मशीनचं सेटिंग मात्र कारखान्यातून आलं तसंच, बरंच खालचं होतं. ते बदललं आणि आठवड्याभरात फरक दिसायला लागला.

झाक क्षाराचीच आहे ना, हे पाहायचं असेल तर ग्लासावर थोडं व्हिनेगर चोळा. निघाली तर क्षार. नाही निघाली तर काच झिजली आहे, ती पूर्ववत होत नाही. असे ग्लास पुढं हातानंच धुवावेत.

मीठ स्वयंपाकाचं नको

मशीनच्या तळाशी मिठाचा एक कप्पा असतो. हे मीठ भांड्यांना लागत नाही. आत पाणी हलकं करणारी राळ असते. ती पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. काही धुण्यांनंतर ती भरून जाते, तेव्हा मिठाचं पाणी तिला पुन्हा मोकळं करतं. मीठ संपलं की राळ निकामी आणि झाक परत.

आपलं रोजचं मीठ बारीक असतं, शिवाय ते मोकळं राहावं म्हणून त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. त्यानं कप्पा आणि राळ खराब होऊ शकते. डिशवॉशरचं जाड मीठच वापरा. पहिल्यांदा भरताना कप्प्यात आधी पाणी ओतायचं असतं, नंतर नाही. आणि मीठ भरल्यावर लगेच मशीन चालवा, कारण सांडलेलं खारं पाणी आतल्या स्टीलला गंज आणतं. या कप्प्यात पावडर कधीही घालू नका.

भांडी खरकटी निघतात?

डिशवॉशर घासत नाही, तो पाण्याचा फवारा मारतो. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही तारेच्या कप्प्यांत भांडी आणि त्यांवर जोरदार पाणी, हीच कल्पना होती. फवारा पोचला नाही तर भांडं निघणार नाही, इतकं सरळ आहे. वाट्या एकात एक घालू नका, तिरक्या पालथ्या ठेवा. ताटांची तोंडं आतल्या बाजूला वळवा. झारा किंवा लांब डाव उभा राहिला तर फिरणारा पंखा अडतो, म्हणून दार लावण्याआधी तो हातानं एकदा फिरवून बघा. पंख्याच्या भोकांत मोहरी अडकते, ती टूथपिकनं काढा.

तळाचा फिल्टर आठवड्यातून एकदा फिरवून बाहेर काढा आणि नळाखाली मऊ ब्रशनं धुवा. आमच्या फिल्टरमध्ये कढीपत्ता, भाताची शितं आणि लिंबाच्या बिया निघाल्या. आपल्या फोडण्यांना ही सवय लावूनच घ्यावी लागते.

आईला सर्वांत अवघड गेलं ते न विसळणं. खरकटं ताटातून केरात झटकायचं, बस्स. पावडरीतली एन्झाइम्स भाताचा स्टार्च आणि डाळीतली प्रथिनं तोडायलाच असतात. काही मशीनमध्ये पाणी किती गढूळ आहे हे ओळखणारा सेन्सरही असतो. भांडी आधीच विसळून दिली की तो समजतो, काम थोडं आहे.

ओली भांडी, साठलेलं पाणी, वास

भांडी ओली राहत असतील तर रिन्स एड संपलं आहे का बघा. त्यानं पाण्याचे थेंब न होता पातळ थर होऊन ते ओघळून जातं. प्लॅस्टिकचे डबे मात्र ओलेच राहणार, ते उष्णता धरून ठेवत नाहीत.

फिल्टरपाशी थोडं पाणी राहणं नेहमीचं आहे. तळ भरून राहिलं तर फिल्टर आणि मागचा सांडपाण्याचा पाइप बघा. ओट्याखाली सामान सरकवताना तो बऱ्याचदा दुमडतो. पाणी आतच येत नसेल तर नळ उघडा आहे का, आणि पाणी आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या जाळीत टँकरची माती बसली आहे का, तेही पाहा. पाइपला हात लावण्याआधी वीज आणि नळ दोन्ही बंद करा. मशीनमधून फेस बाहेर आला तर कुणीतरी सिंकवरचं लिक्विड ओतलं आहे असं समजा, ते यात चालत नाही. वास येत असेल तर सर्वांत गरम सायकल रिकामी चालवा आणि नंतर दार थोडं उघडं ठेवा.

ॲल्युमिनियमची कढई काळी पडते. तांबं-पितळ, बिडाचा तवा आणि लाकडी पोळपाट यांनाही बाहेरच ठेवा. एवढं करूनही एरर दिसत असेल, खालून पाणी गळत असेल किंवा जळका वास येत असेल, तर प्लग काढून मेकॅनिकला बोलवा. ते घरी करायचं काम नाही.

मशीन कुणाचं?

हे सगळं समजल्यावर आमच्याकडे एक नवाच प्रश्न उभा राहिला. फिल्टर धुणं, मीठ बघणं, पंखा तपासणं ही कामंही गुपचूप आईच्याच वाट्याला जाऊ लागली होती. भांडी घासणारा माणूस बदलायच्या ऐवजी त्याचं नुसतं कामच बदलत होतं. मग बाबांनी कपाटाच्या दाराआड कागद चिकटवला. शुक्रवारी फिल्टर बाबा, महिनाअखेरीस मीठ मी, भांडी लावणं ज्याचं जेवण शेवटी होईल त्याचं. परवा टँकरनंतर मशीन अडलं तेव्हा जाळी उघडून माती बाबांनीच काढली, आणि काढल्यावर ती आम्हा सगळ्यांना दाखवलीसुद्धा. विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

आईच्या मुंग्या पूर्ण गेल्या आहेत असं नाही. अजून ती रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपते. पण घासणी सुटली आणि पहाटेपर्यंत सलग झोप लागते, असं ती म्हणते.

तुमच्याकडे डिशवॉशर असेल तर आज जेवताना एवढंच विचारून बघा, त्यात मीठ कुठं घालतात हे घरातल्या किती जणांना माहीत आहे? उत्तर ‘एकीलाच’ असं आलं, तर दुरुस्तीची सुरुवात तिथून करा.