जागच्या जागी

घर बांधायचं ठरवून माझ्याकडे येणारा माणूस हल्ली साहित्याचं नाव घेऊनच येतो. कुणाला मातीचं घर हवं असतं, कुणाला बांबूचं. कुणी मोबाइलवर केरळातल्या उतरत्या कौलारू घराचा फोटो पुढं करतो आणि म्हणतो, “भाऊ, अस्संच.” मी फोटो बघतो, चहा सांगतो आणि विचारतो, जागा गावठाणात आहे की मळ्यात? आमच्या राहात्यात या एका उत्तरावर निम्मं घर ठरतं.

जुन्या लोकांनी इथली वाटणी विचारानं केली होती. पांढरीवर राहायचं आणि काळीत पिकवायचं. पांढरी माती भिंतीला चालते, गिलाव्याला चालते, तिच्यावर उभं केलेलं जोतं जागचं हलत नाही. काळीचं तसं नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा टाकते, आणि तिच्यावरचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूरमधमेश्वरहून गोदावरीचा उजवा कालवा आला. कालव्यामागून ऊस आला. १९५० च्या सुमारास शेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाण्यामागोमाग माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. आजोबांचं घरबांधणीचं सगळं शहाणपण पांढरीवरचं होतं, नातवाला घर बांधायचंय काळीत. आमच्याकडचा खरा पेच हा आहे. भिंत कशाची हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून मी नकाशा काढण्याआधी खड्डा काढायला लावतो. मुरूम हाताशी लागला तर प्रश्न मिटला. काळीचा थर उचलायचा, पाया मुरमावर टेकवायचा. मुरूम फार खोल असला तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच जमिनीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खांब घालायचे. कंदाचा व्यास खांबाच्या अडीचपट, खोली साधारण साडेतीन मीटर, कारण त्या खोलीवर मातीतली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. ‘पर्यावरणपूरक म्हणता आणि सिमेंट-लोखंड घालता?’ असा टोमणा इथं हमखास येतो. मी म्हणतो, तडकलेलं घर दहा वर्षांनी पाडून पुन्हा बांधण्यात जेवढी नासाडी आहे, तेवढी या खांबांत नाही. आणि खणलेली काळी माती मी आवाराबाहेर जाऊ देत नाही. ती परसात पसरायची. पायाला नको असलेली हीच माती पेरूच्या बागेला मात्र हवी असते.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते खारानं. कालव्याखालच्या भागात वर्षानुवर्षं पाणी मुरून जमिनी चोपण झाल्या आहेत; काही शिवारांत उन्हाळ्यात वर पांढरी पापडी दिसते. अशा जागी भिंत जमिनीतली ओल वर ओढते. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं, खार मागे राहतो, त्याचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून ढकलून देतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. घरमालक वैतागून तो भाग खरवडतो आणि त्यावर सिमेंटचा जाड गिलावा मारतो. मग ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही, ती आणखी वर चढते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या तळाशी तोंड काढते. यावर उपाय साधेच आहेत. काळ्या दगडाचं अडीच-तीन फूट उंच जोतं, त्यावर ओल अडवणारा थर आणि वर चुन्याचा गिलावा, जो ओल अडकवून ठेवत नाही.

आता हाच खार धाब्यावर न्या. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर काड्यांचा थर, मग माती आणि सगळ्यात वर खारी माती. पावसाळ्याच्या तोंडावर ती नव्यानं अंथरायची. साधी माती भिजली की पाणी झिरपू देते. खाऱ्या मातीतला सोडियम मात्र चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो, ते बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बंद होते. चोपण शेतात पाणी मुरत नाही ते याच कारणानं आणि धाबं गळत नाही तेही याच कारणानं. ज्यानं पीक बुडवलं, भिंत पोखरली, तो खार छपरावर राखणदार होतो. माझ्या मते घराची आखणी म्हणतात ती हीच. जागेवर जे आहे त्यातलं वाईट काही नसतं, चुकीच्या ठिकाणी असलेलं बरंच असतं.

तरी जुनं धाबं जसंच्या तसं उचलावं असं मी सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती दुभंगल्या आणि वरचा मातीचा भार माणसांवर कोसळला. त्यानंतर लोकांनी माती आणि दगड दोघांनाही दोषी ठरवलं. खरी उणीव बांधणीत होती: भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र धरणारे आरपार दगड नव्हते, चारी भिंतींना कवेत घेणारा पट्टा नव्हता, आणि डोक्यावर नको तेवढं वजन होतं. म्हणून दगडी भिंत बांधताना आरपार दगड आणि लिंटलच्या पातळीवरचा पट्टा याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. छप्पर बहुधा फिलर स्लॅबचं करतो. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट सळ्या धरून ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही; तिथं जुनी मंगलोरी कौलं घातली की काँक्रीट वाचतं, वजन घटतं आणि खालून छतही देखणं दिसतं.

केरळातल्या फोटोचा विषय बहुधा घरातल्या बाईच मिटवतात. “पण मग कुरडया कुठं घालायच्या?” केरळात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या छपराला उतार हवाच. आमच्याकडे पाचशे मिलिमीटरची मारामार. इथं सपाट गच्चीवर वाळवण होतं, मेमध्ये रात्री झोपायला जागा मिळते आणि पावसाचं पाणीही तिथंच धरता येतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला आणि थोडं वाया गेलेलं धरलं, तरी ३७,००० लिटरच्या आसपास पाणी हाती येतं. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज सात लिटर धरले तर वर्षाला १३,००० लिटरही लागत नाहीत. टाकी मात्र पायापासून लांब घ्यायची. गळकी टाकी आणि काळी माती शेजारी-शेजारी ठेवणं म्हणजे भांडण विकत घेणं. न्हाणीचं पाणी कर्दळीला आणि केळीला, तेही भिंतीपासून दूर. कडुलिंब हवा, पण त्याची मुळं पायाखालची ओल शोषतात. त्याला त्याच्या उंचीइतकं अंतर द्यावं.

उन्हाचंही तसंच. राहात्यात मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैअखेर पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला निम्म्या आकाशाइतकाच चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा घातला की उन्हाळ्यात दुपारचं ऊन बाहेर राहतं आणि थंडीत आत येतं. छज्जा हरतो तो मावळतीपुढं. तिथं ऊन आडवं येतं आणि भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहते. तिकडं मी जिना, न्हाणी, धान्याची कोठी सरकवतो, ज्या खोल्यांत संध्याकाळी कुणी बसत नाही. झोपायची खोली उगवतीला. भिंत विटांची असेल तर विटा काठावर उभ्या रचून मधे पोकळी ठेवायची. या रॅट ट्रॅप बाँडमध्ये जवळपास पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते.

वास्तुकार लॉरी बेकर सांगत, की आदर्श गावातलं आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेलं असावं, असं गांधीजी त्यांना म्हणाले होते. मी राहात्याभोवती तो वळसा मनात अनेकदा घातला आहे. काळा दगड, मुरूम, बाभूळ, कडुलिंब मिळतो. काळीतल्या चुनखडीचे खडे भाजून चुना करायची रीतही जुनीच. माती मात्र पारखून घ्यावी लागते. ओल्या मातीची बोटाएवढी जाड वळी करायची आणि तळहाताच्या कडेवरून हळूहळू पुढं सरकवायची. दोन इंचांच्या आत तुटली तर वाळू जास्त, सहा इंचांपर्यंत लोंबत राहिली तर चिकण जास्त. मधे तुटली की समजावं, भिंतीची माती सापडली. काळी बहुतेक वेळा लोंबतच राहते.

शेवटी प्रश्न येतो तो भावाचा. “स्क्वेअर फुटाला काय पडंल?” मी खरं ते सांगतो. असं घर स्वस्तच पडतं असं नाही. पैसा कमी लागण्यापेक्षा त्याची दिशा बदलते: सिमेंटच्या गाडीकडे जाणारा रुपया दगड घडवणाऱ्याकडे, चुना मळणाऱ्याकडे, सुताराकडे वळतो आणि तालुक्यातच फिरतो. अडचण आहे ती ही कामं करणाऱ्या हातांची. घाणीचा चुना वापरलेले गवंडी आता म्हातारे झाले. तरुण पोरं सेंटरिंगच्या कामावर आहेत. पुस्तक वाचून कुणी चुना मळायला शिकत नाही. त्यासाठी कुणीतरी स्वतःची भिंत शिकायला द्यावी लागते, आणि ठेकेदाराच्या तारखांवर चालणाऱ्या बांधकामात ते जमत नाही. घरमालक स्वतः उभा राहून बांधत असेल तरच जमतं. म्हणून अंदाजपत्रकात मी एक ओळ वेगळी लिहितो, शिकण्यात जाणाऱ्या दिवसांची मजुरी. तिच्यावर घासाघीस करणाऱ्याला मी सरळ सांगतो, तुम्ही फ्लॅट घ्या.