ॲबिंग्डनची टपाची मोटार

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर, थेम्सच्या कांठीं, ॲबिंग्डन हें लहानसें जुनें गांव आहे. राजघराण्यांतील मंगल प्रसंगीं तेथील कौंटी हॉलच्या गच्चीवरून खालच्या गर्दीवर बनपाव फेकण्याची चाल आहे. अन्न फेकणें आपल्याला विचित्रच वाटावयाचें! पण आम्ही तेथें गेलों तें मोटारीसाठीं. ऑक्सफर्डास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यास टप उघडणारी दोन माणसांची गाडी घ्यावयाची होती, आणि अशा गाड्यांचें हें माहेरच. १९२९ सालीं एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या जागेंत एम्. जी. मोटारींचा कारखाना आला. १९८० सालीं तो बंद पडला. कौंटी हॉलमधील संग्रहालयांत आतां एक एम्. जी. बी. ठेविलेली आहे.

पुतण्याचें मन तसल्याच गाडीवर जडलें होतें. गांवाबाहेरील एका गृहस्थाकडे एक विकाऊ होती. रंग लाल, इंजिनाचा सूर गोड. पुतण्या सूर ऐकत राहिला. आम्हीं दाराखालची पोलादी पट्टी पाहिली. ह्या गाडीस निराळा सांगाडा नाहीं; पत्र्याचा देह हाच सांगाडा, आणि वर पक्कें छप्पर नसल्यामुळें पुष्कळसा भार ह्या पट्ट्यांवरच. हिवाळ्यांत तिकडे रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यानें त्या आंतून कुजतात. इंजिन दुरुस्त करतां येतें, सुटे भागही आज मिळतात. देह मात्र गाडीच्या मोलाहून महाग पडूं शकतो. पट्टीवर ताजा रंग होता. लोहचुंबक लावला, तर तो चिकटेना. आंत पत्रा नव्हताच, लांबी भरलेली होती! गृहस्थ हवापाण्याविषयीं बोलूं लागले.

दुसरी निवड हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीची एम्. एक्स्. ५. जुन्या इंग्रजी गाड्यांचाच कित्ता गिरवून जपान्यांनीं ती १९८९ सालीं शिकागो येथें प्रथम मांडली. सूनबाईंचा कल कोरी करकरीत घेण्याकडे होता. खोड नाहीं, हमी आहे, हें खरें. पण नव्या गाडीची किंमत पहिल्या दोनतीन वर्षांतच फार उतरते. शिवाय तेवढ्या पैशासाठीं घरची चार जणांची मोटार विकावी लागली असती. वहिनी त्यांच्याकडेच राहतात, गुडघ्यांनीं अधू. “मग मी देवळांत जावयाचें कशी?” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि नव्या गाडीची गोष्ट तेथेंच संपली. प्राचीन रथांतही रथी आणि सारथी अशा दोघांचीच सोय असे. पण रथावर कोणी संसार चालविला नाहीं.

शेवटीं २०१६ सालची वापरलेली माझ्दा ठरली. टपावरचें पाणी आसनांमागील नळ्यांतून खालीं जातें; पाला अडकला तर तें आंत साचतें, आणि पहिल्या पिढ्यांतील कित्येक गाड्यांच्या पट्ट्या ह्यामुळेंच गंजल्या. आम्हीं तांब्याभर पाणी ओतविलें. तें लागलीच खालीं पडलें. सेवेची नोंदवही पूर्ण होती. घरची मोटारही राहिली.

परत निघतांना टप उघडून पुढच्या आसनावर वहिनींस बसविलें. डोक्याचा पदर त्यांनीं दोन्ही हातांनीं धरिला होता. सूनबाई आणि आम्ही बसनें ऑक्सफर्डास आलों.