उत्तनची हवा आणि एक फोन

‘मीरा रोडला राहतो’ म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, ‘बापरे, एवढ्या लांब?’ लांब तर आहेच. पण दादर-पार्ल्यात जागा परवडत नाही, म्हणून तर आपण इथे आलो ना? २००१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाखांच्या वर गेली. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसं वाढली. शेजारी नवे, लिफ्टमधले चेहरे नवे, आणि शाळेतले दोस्त कुठे तरी परळला नाहीतर पुण्याला. घरी यायचं ते झोपण्यापुरतं. अशा शहरात एखाद्याचं मन आजारी पडलं तर कळणार कोणाला?

माझं पडलं. गाडीत चढलं की छातीत धडधड, घाम, हाताला मुंग्या. आता आपण जाणार, असंच वाटायचं. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. ‘पॅनिक अटॅक दिसतोय, सायकियाट्रिस्टना भेटून घ्या,’ ते म्हणाले. तापाला गोळी लिहून द्यावी इतक्या सहजपणे! त्या सहजपणानेच अर्धा धीर आला. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची मिळाली. मधला रविवार मी उत्तनला घालवला.

तुम्ही अजून गेला नसाल तर जाच. भाईंदर वेस्टहून बस पकडायची. टॉवर संपतात, मुर्धे, राई, मोर्वा अशी गावं लागतात, मिठागरांची मोकळी जमीन दिसते. डोंगरी मागे पडली की हवेला समुद्राचा वास येतो. जुलै होता. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, काहींवर प्लास्टिक अंथरलेलं. सावलीत बसून लोक जाळी दुरुस्त करत होते. ‘मावशी, बोटी कधी जाणार?’ मी विचारलं. ‘आता बंदी आहे बाबा. ऑगस्टात बघू,’ असं म्हणून मावशी पुन्हा जाळ्यात डोकं घालून बसल्या.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचा हंगाम असतो. नुकसान होतं, पण थांबावंच लागतं. तेवढ्यात बोट रंगवायची, फाटलेलं सांधायचं. आमच्या ऑफिसात मात्र सुट्टी मागितली तर ‘एव्हरीथिंग ओके?’ असं विचारतात आणि उत्तर न ऐकताच पुढे जातात.

वेलंकनी मातेच्या चर्चजवळ मी दोन तास बसलो. बरं वाटलं. खूप बरं वाटलं. पण सोमवारी गाडीत पुन्हा तेच! समुद्राने श्वास मोकळा होतो, आजार बरा होत नाही, एवढा हिशेब तेव्हा कळला.

मग डॉक्टर. सायकियाट्रिस्ट म्हणजे औषध देऊ शकणारे डॉक्टर, आणि सायकॉलॉजिस्ट बोलून, विचारांच्या सवयी बदलायला शिकवून उपचार करतात. बऱ्याचदा दोन्ही लागतं. औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात आणि बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचं नसतं. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो, हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. (छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र आधी हृदयाची तपासणी, बाकी सगळं नंतर!)

आपल्याला ठाणं जवळ आहे, हे आपण विसरतो. काशीमिऱ्याहून घोडबंदर रोड धरला की झालं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही तिथेच. ‘ठाण्याला नेऊ का?’ हा आपल्याकडचा जुना जोक. खरंच जाऊन बघा, वेटिंगमध्ये बसलेले सगळे तुमच्या-माझ्यासारखे. कुणी फाइल घेऊन, कुणी आईला घेऊन.

तेवढंही जमत नसेल तर १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन. फुकट, २४ तास, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, आत्ता लावा आणि जवळच्या कुणाला तरी शेजारी बसवून घ्या. आणि हो, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांसाठीही कव्हर द्यावं लागतं. पॉलिसी एकदा काढून वाचा.

मी आता बरा आहे. औषध चालू आहे, महिन्यातून एकदा उत्तनही. पण सर्वात उपयोगी पडला तो समोरच्या फ्लॅटमधला मुलगा. त्याला सगळं सांगितलं, तेव्हापासून सकाळी आम्ही एकाच डब्यात चढतो. सल्ला काही देत नाही तो. फक्त मधेच विचारतो, ‘ठीक ना?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तुमच्या मजल्यावरही कुणी असेल. उद्या लिफ्टमध्ये मोबाइल खिशात ठेवून विचारून तर बघा.