वेंधळ्यांची तालीम

‘किकिन इट’ ही अमेरिकी विनोदी मालिका डिस्ने एक्सडी वाहिनीवर जून २०११ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१५ पर्यंत चार पर्वं चालली. कॅलिफोर्नियातल्या सीफोर्ड या काल्पनिक गावात, दुकानांच्या रांगेत एक कराटेशाळा आहे. मिल्टन पुस्तकातला किडा. जेरीला नाचाचं वेड. शिकवणारा रूडी अनेकदा शिष्यांहून पोरकट. अशा कंपूत जॅक हा खरोखर तयारीचा मुलगा येतो, आणि प्रतिस्पर्धी ‘ब्लॅक ड्रॅगन्स’ सोडून किमही सामील होते.

जॅकचं काम करणारा लिओ हॉवर्ड लहानपणापासून कराटे शिकलेला. २००९ च्या ‘जी. आय. जो’ चित्रपटात छोटा स्नेक आइज त्यानंच साकारला होता. त्याची लाथ खरी असते म्हणूनच शेजारी कोसळणाऱ्या मिल्टनचं हसू येतं. तालमीतला विनोद अंगमेहनतीच्या खरेपणावर उभा राहतो, हे या मालिकेनं नेमकं ओळखलं.

मुलांना मल्लखांब शिकवताना मला वाटत आलंय, की अशी मालिका मराठीत हवी आणि ती ग्वाल्हेरात घडावी. तिथं जमीन तयार आहे. १८५७ च्या लढ्याच्या शताब्दीला, १९५७ साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं या शहरात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. जिम्नॅस्टिक्स महासंघानं मल्लखांबाला राष्ट्रीय स्पर्धेत स्थान दिलं ते १९६२ साली, ग्वाल्हेरच्याच स्पर्धेत. पुढे २०१३ मध्ये मध्य प्रदेशानं त्याला राज्याचा खेळ ठरवलं.

मल्लखांबाची कथाही एका पोरसवदा मुलापासून सुरू होते. परंपरा सांगते, की निजामाकडचे अली आणि गुलाब हे मल्ल पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान घेऊन आले, तेव्हा कुणीच पुढे होईना. बाळंभट देवधर या तरुणानं आव्हान स्वीकारलं, मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन मेहनत केली. त्या मेहनतीतून मल्लखांब पुन्हा उभा राहिला.

कराटेत पट्ट्याचा रंग पायरी सांगतो. मल्लखांबावर पट्टा नसतो. लाकडाला एरंडेल चोळलेलं असतं. अढी, म्हणजे खांबाभोवतीची पायांची पकड, पक्की बसली नाही तर मूल सरळ घसरत खाली येतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. पहिल्या महिन्यात प्रत्येक जण वेंधळाच असतो. दसरंग हा प्रकार जमेपर्यंत किती वेळा पाठ टेकते, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. घसरण्याच्या नाना तऱ्हाच एका भागाला पुरतील.

पण मला सर्वात मोलाचा वाटतो तो मुलांनी मिळून रचलेला मनोरा. त्यात एकसारखी दहा मुलं निरुपयोगी. खाली पेलायला थोराड, भक्कम मूल लागतं, वर टोकाला हलकं, चपळ आणि न घाबरणारं. शाळेच्या मैदानावर धावताना मागे पडणारा गुबगुबीत मुलगा इथं तळाशी उभा राहिला, की बाकीच्यांचा जीव त्याच्या खांद्यावर असतो. सीफोर्डच्या कराटेशाळेत हाणामारीची वेळ आली, की भार बहुधा जॅकवर पडतो. मनोऱ्याच्या मालिकेला असा एकच नायक ठेवताच येणार नाही. मुलींनाही पाहुण्या म्हणून आणायची गरज नाही. दोरीच्या मल्लखांबावर त्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

भाषेचा रंग वेगळाच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आजीशी मराठी, गल्लीत हिंदी, आणि भांडण तापलं की दोन्ही एकाच वाक्यात. पुण्या-मुंबईच्या लेखकाला तो लहेजा उसना आणावा लागेल. म्हणून संवाद तिथल्याच माणसानं लिहावेत. मुलंही तालमीतलीच घ्यावीत. अभिनय दोन महिन्यांत शिकवता येतो, अढीला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि कॅमेरा जवळ आला की पोटरीची पकड खोटी असल्याचं लहान प्रेक्षकालासुद्धा लगेच कळतं.